वाडा पर्यावरणपूरक करताय? मग या चुका टाळा

मे महिना संपत आला की मला दरवर्षी तेच फोन येतात. "ताई, वाड्यावर सोलर बसवायचंय, कुणी चांगला माणूस आहे का?" "चौकात खड्डा घेऊन पाणी जिरवायचंय, पावसाच्या आत उरकेल ना?" हेतू इतका चांगला असतो की नाही म्हणणं जिवावर येतं. तरीही मी नाही म्हणते. यंदा काही करू नका. एक अख्खा पावसाळा वाड्यात काढा. छत्री घेऊन चौकात उभे राहा. पाणी कुठून पडतं, कुठे तुंबतं, कुठली भिंत ओली होते आणि कुठली दिवाळीपर्यंत वाळत नाही, हे वहीत लिहून काढा आणि मग मला फोन करा. बहुतेकांना हे ऐकून घ्यायला वेळ नसतो. ते दुसऱ्या कुणाला तरी गाठतात आणि दोन वर्षांनी पुन्हा माझ्याकडे येतात, तेव्हा भिंतीला हात घालता येईल एवढी भेग पडलेली असते.

मी वास्तुविशारद नाही. पुण्यात नारायण पेठेतला सासरचा वाडा बावीस वर्षं सांभाळते आहे. त्या निमित्ताने कसबा, शनिवार, सदाशिव पेठांतल्या बऱ्याच वाड्यांचे माळे चढून झाले, बऱ्याच गवंडी-सुतारांशी भांडून झालं आणि त्यांच्याकडून शिकूनही झालं. माझं ठाम मत असं, की वाडा म्हातारपणाने कमी पडतो आणि चुकीच्या दुरुस्तीने जास्त पडतो. दगडी जोतं, सागाचा सांगाडा, पातळ विटांच्या नाहीतर मातीच्या भिंती, चुन्याचा गिलावा, मधे उघडा चौक आणि वर कौलं. यातून वारा आणि ओल सतत ये-जा करत असतात. उन्हाळ्यात माजघर गार राहतं ते त्यामुळेच. पर्यावरणाच्या नावाखाली आपण जे नवं आणतो, ते बऱ्याचदा हीच ये-जा बंद करून टाकतं.

ओलीवर सिमेंटचा गिलावा

ही चूक आमच्या घरात झाली आहे, म्हणून आधी तीच सांगते.

आमच्या माजघराच्या मागच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारा खार, लागला होता. हात लावला की पांढरी भुकटी बोटांना यायची, गिलाव्याचे पापुद्रे रोज सकाळी केरात निघायचे. सासूबाई म्हणत होत्या, "चुनाच लावा परत, दर चार वर्षांनी लावायचा असतो तो." आम्हाला ते दर चार वर्षांचं लचांड नको होतं. एका ठेकेदाराने सांगितलं, वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा करून टाकू, वीस वर्षं बघायला नको. आठ दिवसांत भिंत गुळगुळीत झाली. पहिला पावसाळा छान गेला. मला तर वाटलं, सासूबाई उगाच अडून बसल्या होत्या.

दुसऱ्या पावसाळ्यात लोणा परत आला, तो खांद्याच्या उंचीवर. ओल जमिनीतून भिंतीत चढतेच, ती कुणी थांबवू शकत नाही. पूर्वी ती गुडघ्यापर्यंत चढून चुन्याच्या गिलाव्यातून हवेत निघून जायची. आता खाली सिमेंटने वाट अडवली, तेव्हा जिथे वाट मिळेल तिथपर्यंत ती वर गेली. तिसऱ्या वर्षी भिंतीत अर्धा बुडालेला सागाचा खांब तळाशी काळपट दिसायला लागला. मी सहज म्हणून स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो लोण्यात सुरी जावी तसा चार बोटं आत गेला. माडीचं सगळं वजन ज्या खांबावर, त्याचा तळखड्याजवळचा, म्हणजे खालच्या बैठकीच्या दगडाजवळचा, भाग भुसा झाला होता.

भोरकडचे एक म्हातारे गवंडीमामा तेव्हा बघायला आले. त्यांनी भिंतीला कान लावून बोटाच्या पेराने वर-खाली वाजवून पाहिलं, जिथे पोकळ वाजलं तिथे खडूने गोल केले आणि म्हणाले, "ताई, भिताडाला घाम येतो. तुम्ही त्याचं तोंड बांधलंत, मग तो लाकडात शिरला. दुसरं कुठं जाईल?" सिमेंट काढायला घेतलं तर त्याच्यासकट विटांची तोंडं सोलून निघाली. सिमेंट विटेपेक्षा कडक, ते एकटं सुटतच नाही. दोनशे वर्षं टिकलेल्या विटा तीन वर्षांत खवल्यांसारख्या झाल्या. भिंत आम्ही अख्खा उन्हाळा उघडी ठेवली, खांबाचा कुजलेला भाग कापून नवा सागाचा तुकडा सांधला, आणि दसऱ्यानंतर पातळ थरांनी पुन्हा चुना केला. सासूबाईंनी एक शब्द ऐकवला नाही, फक्त रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन त्या भिंतीसमोर बसायच्या.

पर्यावरणाच्या हिशेबानेही चुनाच बरा. चुनखडी साधारण ९०० अंशांवर भाजली जाते, सिमेंटच्या भट्टीला १४५० अंशांच्या आसपास तापावं लागतं. शिवाय चुना भिंतीवर हळूहळू घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून घेत. म्हणजे भाजताना जो वायू गेला, त्यातला काही भाग तुमची भिंत पुन्हा आत घेते. ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा त्या पांढऱ्या भिंतीकडे मी वेगळ्याच नजरेने बघायला लागले.

माझी पद्धत सांगते, ती पुस्तकातली नाही. कळीचा चुना, म्हणजे भाजलेला पण न विझवलेला, मी फेब्रुवारीत आणते आणि जुन्या पिंपात विझवते. पिंपात आधी पाणी आणि मग चुना, उलटं कधीच नाही. चुना उकळतो, उडतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालायचे आणि पोरांना चौकाबाहेर काढायचं. वर कायम चार बोटं पाणी ठेवून पीप झाकायचं आणि निदान दोन महिने विसरायचं. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. फुटक्या जुन्या विटा टाकायच्या नाहीत, त्या कुटून चाळल्या की सुरखी होते, तीच वाळूबरोबर घालायची. हिरडा रात्रभर भिजवलेलं पाणी आणि थोडं गुळाचं पाणी आमचे मामा घालायचे, म्हणून मीही घालते. भिंत आधी भिजवून घ्यायची, थर पातळ द्यायचे, आदल्या थरावर नख उमटेनासं झालं की पुढचा, आणि वर ओलं गोणपाट. भर पावसात आणि एप्रिलच्या उन्हात हे काम करायचं नाही. दसरा ते संक्रांत हा माझा काळ.

"चुन्यात मूठभर सिमेंट घातलं तर लवकर बसतं ना?" हा प्रश्न मला प्रत्येक नवा माणूस विचारतो. नाही. लवकर बसवायची घाई आहे म्हणूनच हे सगळं होतं. गवंडी सवयीने घालतात, त्यांचाही दोष नाही, त्यांना रोज संध्याकाळी काम पूर्ण झालेलं दाखवावं लागतं. म्हणून मी कामाच्या जागी सिमेंटची गोणी येऊच देत नाही. आणि चुन्याच्या भिंतीवर प्लास्टिक पेंट लावणं म्हणजे तीच चूक पुन्हा, फक्त डब्यातून.

पाणी जिरवायचा खड्डा जोत्याला लागून

पुण्याच्या पेठांत वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांचं कौलारू छप्पर असेल तर गळती, उडालेलं, सुरुवातीला सोडून दिलेलं असं सगळं वजा करूनही पन्नास हजार लिटर पाणी हाताशी येतं. दहा हजारांचे पाच टँकर. एवढं पाणी गटारात जातं हे पाहून कुणाचाही जीव तुटेल, आणि तो तुटायलाच हवा. पण ते जिरवायचं कुठे, हे खड्डा घेण्याआधी ठरवायचं असतं.

कसबा पेठेत एका वाड्यात तरुण मंडळींनी मोठ्या हौसेने काम काढलं. छपराची पन्हळ जिथे उतरत होती तिथेच, जोत्यापासून तीन फुटांवर, माणूसभर खोल खड्डा घेतला, दगडगोटे भरले आणि पन्हळीचा पाइप आत सोडला. खर्च कमी, पाइप कमी, दोन दिवसांत काम फत्ते. मी नंतर विचारलं, खड्डा खणताना माती कशी निघाली? म्हणाले, राखाडी, भुसभुशीत, मधे खापराचे तुकडे. म्हणजे पांढर. जुन्या गावठाणाची जमीन अशीच असते, शेकडो वर्षांच्या पडलेल्या मातीच्या भिंती, चुलीची राख, फुटकी मडकी, यांचा थरावर थर. कोरडी असते तोवर दगडासारखी उभी राहते. भिजली की तिची लापशी होते.

मला फोन आला तो भिंतीसाठी नव्हे, दरवाज्यासाठी. श्रावणात दिंडी दरवाजा लागेना, सुताराने दोनदा रंधा मारला तरी लागेना. मी गेले आणि ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, सोडला. पाच हातांत भिंत दोन बोटं बाहेर गेली होती. कोपऱ्यात पेन्सिलच्या रेघेएवढी भेग होती, तिच्यावर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवली. भेग वाढत असेल तर काच तडकते, हा आमचा साधा उपाय आहे. चौथ्या दिवशी सकाळी पट्टी दोन तुकडे होऊन खाली पडलेली होती. त्याच दिवशी पन्हळीचं पाणी लांब पाइपने रस्त्याच्या गटारात सोडलं, खड्डा उपसला, भिंतीला बल्ल्या लावल्या आणि घरातल्या आजींना पुढच्या सोप्यात हलवलं. भिंत वाचली. एक कोपरा मात्र जोत्यापासून उतरवून परत बांधावा लागला.

आमच्या सासूबाईंनी पानशेतचा पूर पाहिला होता, १२ जुलै १९६१चा. त्या सांगायच्या, पाणी होतं तेव्हा वाडे उभे होते, पाणी ओसरलं आणि मग रात्रभर धप्प धप्प आवाज येत राहिले. भिजलेल्या मातीच्या भिंती बसत होत्या. एका दिवसाच्या पाण्याने हे झालं. मग चार महिने रोज जोत्याच्या पायाशी पाणी सोडलं तर काय होईल?

त्या वाड्यात मला सर्वांत जास्त वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मागच्या चौकात दगडी हौद होता. तो राडारोड्याने भरून वर कुंड्या ठेवल्या होत्या. पाणी साठवायची जागा बुजवून पाणी जिरवायची जागा खणली!

या शहराला पाण्याचं कसं बघायचं हे ठाऊक होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आलं, कुठल्याही पंपाशिवाय, फक्त उतारावर. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते, तिथून हवा निघायची आणि आत उतरून गाळ काढता यायचा. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं आपण आज फक्त चौकांच्या पाट्यांवर वाचतो. गाळ आधी बसवायचा, पाणी मग पुढे सोडायचं, जास्तीचं कुठे जाईल तेही ठरवायचं. अडीचशे वर्षांपूर्वीची ही शिस्त आजच्या खड्ड्यात दिसत नाही.

म्हणून माझा क्रम असा. आधी हौद उपसून दुरुस्त करा. चुन्यानेच करा, सिमेंटने नको. पाणी साठवा आणि वापरा. हौद भरून वाहिला तरच आडाचा विचार, आणि आडात छपराचं पाणी थेट कधीही सोडायचं नाही. कौलांवर कबुतरांची आणि वटवाघळांची विष्ठा असते. पहिले दोन-तीन मोठे पाऊस मी झडप उघडी ठेवून बाहेर सोडते, नंतरचं पाणी गोटे, वाळू आणि कोळसा यांच्या गाळणीतून आत. दर वर्षी वाळू काढून धुवायची. जिरवायचंच असेल तर भिंतीपासून निदान पंधरा-वीस फूट लांब, आणि त्याआधी हातभर खड्डा घेऊन त्यात दोन बादल्या पाणी ओतून घड्याळ लावायचं. दुसऱ्या सकाळीही पाणी तसंच असेल तर तिथे मोठा खड्डा घेऊन उपयोग नाही. तुमचा चौक वीस फुटांचाच असेल, तर जिरवू नका. साठवा, बाकीचं मुकाट्याने बाहेर जाऊ द्या. हे ऐकून लोक नाराज होतात, पण मी यात तडजोड करत नाही.

पालिकेच्या सर्वसाधारण करात पर्जन्यजल, सौर ऊर्जा, गांडूळखत अशा गोष्टींसाठी ५ ते १० टक्के सवलत मिळते. ती जरूर घ्या. फक्त सवलतीसाठी दाखवण्यापुरता खड्डा घेऊन त्यात पाइप सोडून देऊ नका. वाईट खड्ड्यापेक्षा खड्डा नसलेला बरा.

आडाजवळ वाळवीचं औषध जमिनीत सोडायचं नाही. यावर चर्चा नको.

चौक बंदिस्त करणं

चौकात सिमेंटचा कोबा करून वर पेव्हर ब्लॉक बसवले की चौक स्वच्छ दिसतो, चपला चिखलात जात नाहीत. पण पूर्वी चौकातून वाफ होऊन जाणारी ओल आता फरशीखालून सरकत भिंतीकडे जाते. वर सांगितलेला लोणा लागण्याची सुरुवात मी कितीतरी वाड्यांत इथूनच झालेली पाहिली. रात्री अकरा वाजता त्या ब्लॉकवर अनवाणी उभे राहून बघा, तेव्हाही पाय भाजतात. जुने दगड उखडले असतील तर तेच परत वाळूवर बसवा, सांधे उघडे ठेवा, उतार भिंतीकडून मधल्या नालीकडे द्या.

त्याहून वाईट म्हणजे चौकावर पारदर्शक पत्रा टाकणं. चौक हे वाड्याचं धुराडं आहे. दुपारी तापलेली हवा तिथून वर जाते आणि तिच्या जागी पडवीतली गार हवा माजघरात येते. झाकण घातलं की ती हवा घरातच शिजते. मग दोन खोल्यांना एसी लागतो, एसीसाठी झरोके बुजवले जातात, आणि विजेचं बिल वाढलं म्हणून पुन्हा सोलरसाठी मला फोन येतो. पाऊस आत येतो ही अडचण असेल तर वळचण हातभर वाढवा. चौकात पाऊस पडणारच, तो पडण्यासाठीच ठेवलेला आहे.

कौलांवर सोलर

सोलरला माझा विरोध नाही, आमच्याकडे आहे. पण तो वाड्याच्या कौलांवर नाही, मागच्या बाजूला नंतर कधीतरी बांधलेल्या न्हाणीघराच्या स्लॅबवर आहे. दोनशे लिटरच्या हीटरमध्ये नुसतं पाणीच दोनशे किलो असतं, वर टाकी आणि लोखंडी सांगाडा. तुमच्या वाशांनी आणि रिपांनी आजवर कौलांचं वजन सगळीकडे सारखं वाटून घेतलेलं आहे, एका जागी एवढा भार त्यांना पेलायला सांगू नका. बसवायला येणारी पोरं सरळ कौलांवरून चालतात. एका दुपारी तीसेक कौलं तडकतात, ती त्या दिवशी दिसत नाहीत, पहिल्या पावसात दिसतात. आणि मग तडे बुजवायला सिलिकॉन.

पॅनेलला एका किलोवॉटसाठी साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते, तोंड दक्षिणेला हवं. पेठेत तीन बाजूंना सहा मजली इमारती उभ्या असताना ती जागा कुठे आहे, हे डिसेंबरात बघा, मे महिन्यात नव्हे. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा सगळीकडेच ऊन दिसतं. सध्या ३ किलोवॉटच्या घरगुती सोलरला केंद्राच्या योजनेत ७८,००० रुपये अनुदान आहे आणि त्यासाठी सगळे घाईत आहेत. मी आधी घरातले सगळे बल्ब एलईडी करायला, जुने पंखे बदलायला आणि वर्षभराची बिलं समोर मांडायला सांगते. त्यानंतर बऱ्याच घरांना तीनच्या जागी दीड किलोवॉट पुरतो.

पॅनेलची वायर कडीपाटातून, म्हणजे लाकडी छतातून, उघडी नेणं हा प्रकार दिसला की माझा संताप होतो. जुना वाळलेला साग, त्यावर शंभर वर्षांचा धुरळा, आणि त्यातून वायर! शनिवारवाडा १८२८ मध्ये आगीत गेला, आत फक्त जोती राहिली. विश्रामबागवाड्याचा काही भाग १८७९ मध्ये जळला. या शहराला आणखी उदाहरणं नकोत. वायर बाहेरून, धातूच्या नळीतून, आणि बंद करायचं बटण खाली हाताशी.

परवानगीचं काय? वाडा पालिकेच्या वारसा यादीत असेल तर वारसा कक्षाला विचारल्याशिवाय दर्शनी बाजूला काहीही लावू नका. शनिवारवाडा हे केंद्र संरक्षित स्मारक आहे, त्याच्यापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या २०० मीटरवर निर्बंध आहेत. दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्या टापूत राहत असाल तर आधी कागद, मग काम. कागदाला महिने लागतात, हे खरं आहे. ते महिने भिंती बघण्यात घालवा.

थोडक्यात काही

भिंतीत उगवलेला पिंपळ ओढून काढू नका, मुळाबरोबर दगड येतो. दोन पानांचा असतानाच ओल्या भिंतीतून अलगद सोडवायचा आणि भोक चुन्याने भरायचं. मोठा झाला असेल तर कापण्याआधी माणूस बोलवा.

जोत्याला लागून लॉन लावू नका. रोज पाणी भिंतीला जातं, आणि पुण्यात उन्हाळ्यात लॉन हा अन्यायच आहे. बकुळ, पारिजातक, कवठी चाफा लावा, आणि तेही भिंतीपासून लांब.

पालापाचोळा जाळू नका. खताचा हौदा उघडा ठेवलात तर घुशी येतात, आणि घूस जोतं पोखरते. झाकण लावा.

दर्शनी भागावर रात्रभर झोत सोडू नका. माळ्यावर गव्हाणी घुबड असेल तर ते उंदरांचं काम फुकट करतं, त्याला अंधार हवा असतो.

जुनं लाकूड विकणं

हे बघून मला रडू येतं, म्हणून लिहिते. दुरुस्ती निघाली की पहिल्या दिवशी लाकूडवाला येतो. तुळया, खांब, कडीपाटाच्या फळ्या एकगठ्ठा भावात जातात, बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात तुमच्याच दरवाज्याच्या कड्या विकायला दिसतात, आणि घरात प्लायवूड येतं. मग त्या प्लायवूडवर पर्यावरणपूरक असं लेबल असतं. दीडशे वर्षांपूर्वी तोडलेलं सागाचं झाड तुमच्या घरात अजून उभं आहे. त्याच्यासाठी आता एकही झाड तोडायचं नाही, एकही ट्रक आणायचा नाही. याहून पर्यावरणपूरक काय असणार?

खांब तळाशी कुजला म्हणजे अख्खा खांब गेला असं नसतं. कुजका भाग कापून सांधा करायचा, सांधा करणारे सुतार अजून आहेत, फक्त त्यांना दिवसाच्या हिशेबाने पैसे द्यावे लागतात, कामाच्या हिशेबाने नाही. अंगावर काम दिलं की ते घाई करतात आणि नव्या लाकडाचा सल्ला देतात. उतरवलेल्या प्रत्येक तुकड्यावर मी गेरूने नंबर घालते, पूर्वेकडचं तोंड कुठलं ते बाणाने दाखवते आणि त्याच नंबरांचा नकाशा वहीत काढते. एकदा पावसाने गेरू पुसला गेला तेव्हा सतरा फळ्या जुळवायला नऊ दिवस लागले. तेव्हापासून नंबर खिळ्याने कोरते.

शाकारणी चुकवणं

शेवटची चूक, आणि हीच सर्वांत स्वस्तात टळते. वर्षातून एकदा कौलं उतरवून, झाडून, फुटकी काढून, परत लावून घ्यायची. पूर्वी प्रत्येक वाड्यात मे महिन्यात हे व्हायचं. आता लोक तीन-तीन वर्षं करत नाहीत, मग एके दिवशी छपरावर निळी ताडपत्री येते आणि तिच्याखाली वासे गुदमरून कुजतात. आमच्याकडे दोन माणसं चार दिवसांत पूर्ण छप्पर करतात. मी खाली उभी राहून प्रत्येक कौल बोटाने वाजवून घेते. खणखणीत वाजलं तर वर, बद्द वाजलं तर बाजूला. बाजूला पडलेली कौलं कुटून सुरखीत जातात. माळ्यावर जुन्या मापाची ऐंशी कौलं नेहमी राखून ठेवते, कारण नवी कौलं जुन्यांच्या खाचेत नीट बसत नाहीत. कुठला वाडा पाडला जातोय असं कळलं की त्याच दिवशी रिक्षा घेऊन तिथे जाते आणि कौलं मागून आणते.

या वर्षी दोन वासे बदलायला झालेत, असं कौलं उतरवल्यावर दिसलं. सुतार सोमवारी येतो म्हणालाय.